दारात कोण उभं राहणार?

अमेरिकेतल्या मराठी लग्नासाठी घेतलेल्या हॉलच्या करारातलं ते कलम सहसा मागच्या पानांवर असतं. आधी तारीख, पाहुण्यांचा आकडा, अनामत, ताटामागचा दर, बाहेरचा केटरर आणला तर भरायचे जादा पैसे. तिथपर्यंत मुलीचे बाबा पेन्सिलीनं खुणा करत नेटानं वाचत आलेले असतात. मग ती ओळ येते: मद्य दिलं जाणार असेल तर दर शंभर पाहुण्यांमागे एक परवानाधारक सुरक्षारक्षक, किमान चार तास, खर्च यजमानांचा. सगळ्याच करारांत ती नसते. कॅलिफोर्नियात नगरपालिकेच्या मालकीच्या सभागृहांत ती बऱ्याचदा भेटते. टेक्सासमध्ये अनेक ठिकाणी साधा रक्षक चालत नाही, ड्युटी संपवून आलेला खराखुरा पोलीसच लागतो. बड्या हॉटेलांचे स्वतःचे रक्षक असतात, त्यामुळे तिथं या विषयाचं कुणी नावही काढत नाही. पण करारात ओळ नसली तरी रक्षक ठेवायचा का हा प्रश्न येतोच, आणि तो बहुतेक वेळा मुलगीच काढते.

ती इथं अमेरिकेतच वाढलेली असते. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि त्यानंतर अमेरिकेतल्या शाळांत एक नवी कवायत रुळली: वर्गाचं दार लावायचं, दिवे मालवायचे, कोपऱ्यात गप्प बसायचं. आज बोहल्यावर चढणारी पिढी ही कवायत करत मोठी झाली. नव्या जागेत शिरलं की बाहेर पडायची दारं कुठं आहेत ते तिचे डोळे आपोआप शोधतात. आईचे डोळे स्वयंपाकघर शोधतात.

मग घरचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. न्यू जर्सीतलं एडिसन असो, टेक्सासमधलं प्लेनो असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, संवाद साधारण सारखाच. आईचं म्हणणं, मांगल्याच्या कार्यात वर्दीतला माणूस कशाला, लोकांना वाटेल आपलं कुणाशी वैर आहे. पुण्याहून मामा लिहितो की हल्ली मुळशी-मावळातल्या लग्नांत बाउन्सर असतातच, काळे टी-शर्ट घालून नवरदेवाच्या मागेपुढे, त्यात काय एवढं. काकांना आठवतं की मंडळाच्या गणपतीला कधी रक्षक लागला नव्हता. बाबा खर्चाचा आकडा टाकतात. कुणीतरी हात जोडल्याची खूण टाकतं आणि विषय थंडावतो, पण मिटत नाही.

मामाचे बाउन्सर आणि बाबांच्या करारातला रक्षक यांचा खरं तर काही संबंध नाही. मावळातला बाउन्सर हा बडेजाव आहे. जमिनीला भाव आला, तशी घोड्याच्या जागी उघड्या टपाची गाडी आली आणि गाडीभोवती माणसं आली. इथला रक्षक मात्र दारूच्या पेल्यातून आला, आणि त्यामागे न्यायालयं आणि विमा कंपन्या आहेत.

१९८४ चा उन्हाळा या बाबतीत महत्त्वाचा. २७ जूनला न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 'केली विरुद्ध ग्विनेल' या खटल्याचा निकाल दिला. एका गृहस्थानं घरी आलेल्या पाहुण्याला मद्य पाजलं, पाहुणा गाडी घेऊन निघाला आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळला. त्या गाडीतली बाई जबर जखमी झाली. न्यायालय म्हणालं, पाहुणा झिंगलेला आहे आणि आता गाडी चालवणार आहे हे दिसत असूनही जो यजमान ओतत राहतो, तोही भरपाईला जबाबदार. दारूचं दुकान नव्हे, बार नव्हे, घरचा यजमान. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ जुलैला, दारू पिण्याचं किमान वय देशभर २१ करायला लावणाऱ्या केंद्रीय कायद्यावर अध्यक्ष रेगन यांची सही झाली. सगळी राज्यं न्यू जर्सीइतकी कडक नाहीत. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात सज्ञान पाहुण्याच्या पिण्याबद्दल घरच्या यजमानाला सहसा धरत नाहीत. पण हॉलवाले आणि त्यांचे विमेवाले राज्याराज्यांतला हा फरक मोजत बसत नाहीत. ते एक दशलक्ष डॉलरचा एका दिवसाचा विमा मागतात, त्यावर आपलं नाव घालून घेतात आणि शिवाय रक्षक मागतात.

आपल्याकडच्या लग्नाची घडण पाहिली तर या कलमाचा अर्धा भाग लागूच होत नाही. सकाळी मुहूर्त, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, दुपारी पंगत. यात एक थेंब नसतो. दारू येते ती संध्याकाळच्या रिसेप्शनला. तिथं खरी कटकट झिंगलेल्या काकांची नसते, एकोणीस वर्षांच्या भावंडांची असते. पुण्याहून आलेला चुलतभाऊ म्हणतो, आमच्याकडे चालतं. चालत नाही. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी व्हावी लागतात, म्हणजे कागदावर तरी महाराष्ट्र अमेरिकेहून सोवळा. एकवीस पुऱ्या झालेल्या भावानं दोन पेले घेऊन एक धाकट्याला दिला, की बारवाल्याच्या परवान्यावर येतं आणि मग यजमानांवर. रक्षकाचा रात्रीतला बराचसा वेळ अशा पेल्यांवर नजर ठेवण्यात जातो, बंदूकधाऱ्याची वाट पाहण्यात नाही.

आता बिनबोलावलेल्या पाहुण्यांविषयी. या बाबतीत अमेरिकेतला सर्वांत बोलका प्रसंग एका भारतीय पाहुण्याच्या मेजवानीतच घडला. २४ नोव्हेंबर २००९ रोजी अध्यक्ष ओबामांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये शाही भोजन ठेवलं होतं. व्हर्जिनियातलं सलाही दांपत्य, बाई लाल साडीत आणि नवरा टक्सिडोत, यादीत नाव नसताना आत गेलं, ओबामांशी हस्तांदोलन करून, फोटो काढून आलं आणि ते फोटो त्यांनी स्वतःच जगाला दाखवले. नंतर कळलं की त्या रात्री आणखीही एक जण असाच आत शिरला होता. फाटकावर जगातली सर्वांत प्रशिक्षित, सशस्त्र सुरक्षा यंत्रणा उभी होती. नव्हतं काय? आधीच्या प्रथेप्रमाणे यादी हातात घेऊन उभा राहणारा, चेहरे ओळखणारा, स्वागत विभागाचा माणूस त्या फाटकावर नव्हता. सीक्रेट सर्व्हिसनं चूक कबूल केली, पण टीका स्वागत सचिव देझिरे रॉजर्स यांच्यावरही झाली आणि काही महिन्यांत त्या पायउतार झाल्या.

मुंबईतही तेच. जुलै २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अंबानींच्या लग्नात बंदोबस्ताला काही तोटा नव्हता, तरी निमंत्रण नसताना शिरल्याबद्दल पोलिसांनी दोघांवर गुन्हा नोंदवला. शस्त्र आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारात गुलाबपाणी शिंपडणारी आत्या आणि अत्तर लावणारा मामेभाऊ हे स्वागताला असायचेच, पण कोण आलं, कोणाबरोबर आलं, कोण अनोळखी, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अमेरिकेतल्या लग्नात अर्धे पाहुणे नवरा-नवरीच्या कॉलेजचे आणि ऑफिसचे. ते आत्यानं कधी पाहिलेलेच नाहीत. व्याही पंजाबी, तेलुगू किंवा आयोवातले शेतकरी. अशा दारात एकटी आत्या चालणार नाही आणि एकटा रक्षकही. मला विचाराल तर दोघांना शेजारीशेजारी उभं करावं, आणि आत्याच्या जोडीला यादी असलेला, दोन्हीकडचे चेहरे माहीत असलेला एक तरुण द्यावा.

चोरीचं गणित वेगळं आहे. इथं पाकिटांची पेटी असते, सजवलेली, काचेची किंवा लाकडी, स्वागत टेबलावर ठेवलेली, आणि नाच सुरू झाला की तिच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासच्या कोमल काउंटीत लग्नांत पाहुणी म्हणून शिरून भेटकार्डं लांबवणाऱ्या बाईला शोधण्यासाठी पोलिसांच्या मदतनीस संस्थेला बक्षीस लावावं लागलं. आपल्याकडे याची परंपरा जास्त मुरलेली आहे. मध्य प्रदेशातल्या राजगढ जिल्ह्यातली कडिया, गुलखेडी, हुलखेडी ही गावं अनेक राज्यांच्या पोलिसांना तोंडपाठ आहेत. लग्नात नटूनथटून मिसळायचं आणि दागिन्यांची पिशवी उचलायची, हे तिथं लहान मुलांना शिकवलं जातं. दिल्ली पोलिसांनी अशा टोळ्यांना 'बँड बाजा बारात' असं सिनेमाचं नावच दिलं आहे.

मात्र अमेरिकेतल्या भारतीय घराला मोठा फटका बसतो तो हॉलमध्ये नव्हे, घरी. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये एका टोळीनं आशियाई, त्यातही भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या घरांवर सशस्त्र दरोडे घातले. घरं निवडून यादी करणारी टोळीची म्होरकी चाका कॅस्ट्रो हिला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. घरात सोनं असतं, हा त्या टोळीचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. लग्नाच्या आठवड्यात लॉकरमधून पाटल्या, तोडे, ठुशी, कोल्हापुरी साज, तन्मणी सगळं बाहेर आलेलं असतं. वर आपण लग्नाच्या वेबसाइटवर तारीख, वेळ आणि मेंदीच्या कार्यक्रमासाठी घराचा पत्ता घालून ठेवलेला असतो, म्हणजे घर कधी रिकामं असणार ते आपणच कळवलेलं असतं. घराच्या नेहमीच्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई बहुधा हजार-दीड हजार डॉलरवर थांबते. त्याहून जास्त हवं तर दागिने एकेक नोंदवून वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो आजीच्या साजासाठी कुणी भरलेला नसतो. एकच रक्षक परवडणार असेल तर तो हॉलवर ठेवावा की रिकाम्या घरावर? मी घराच्या बाजूनं आहे. पाकिटांच्या पेटीला रक्षक लागत नाही. तिच्यासाठी न नाचणारे, न पिणारे एक काका पुरतात, आणि असे काका प्रत्येक मराठी घरात असतात.

पण ज्या पहारेकऱ्याशिवाय अमेरिकेतल्या अनेक हॉटेलांत मराठी लग्न लागूच शकत नाही, त्याच्याविषयी घरच्या चर्चेत कुणी बोलत नाही. तो असतो आगीवरचा पहारेकरी. विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी, सगळं अग्नीच्या साक्षीनं. बॉलरूममध्ये उघडी ज्योत पेटवायची तर हॉटेलची परवानगी लागते, अनेक शहरांत अग्निशमन विभागाचा परवानाही. होमाच्या वेळेपुरते त्या दालनातले धुराचे संवेदक बंद ठेवावे लागतात, आणि ते बंद असेपर्यंत नियमानं एक माणूस तिथं जागेवर हवा. काही ठिकाणी हॉटेलचा कर्मचारी चालतो, काही ठिकाणी अग्निशमन दलाचा जवान तासाच्या दरानं बोलवावा लागतो. गुरुजी समिधा, तूप, कापूर मांडत असतात आणि त्यांच्यापासून चार हातांवर हा अग्निशामक नळकांडं घेऊन उभा असतो. फोटोग्राफर त्याला चौकटीबाहेर ठेवायची धडपड करतो. कुंड केवढं, तूप किती, कापूर चालेल का, हे सगळं हॉटेल आधी लिहून मागतं. काही हॉटेलं बाहेरच्या हिरवळीवरच होम करा म्हणतात, आणि मग मुहूर्ताच्या वेळी वाऱ्याचं काय करायचं हा गुरुजींचा प्रश्न.

अनेक घरांना हा जाच वाटतो. मला वाटत नाही, कारण या नियमांच्या मागे फार माणसं मेलेली आहेत. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' नाइटक्लबात आग लागली. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते माणसांच्या रेट्यानं अडकलं. बाजूची काही दारं, बिल न देता लोक पळतील म्हणून, कुलूपबंद होती. ४९२ माणसं गेली. २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट वॉरविकच्या 'स्टेशन' नाइटक्लबात बँडनं सोडलेल्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. लोक ज्या दारानं आले होते त्याच दाराकडे धावले. १०० मृत्यू. वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं की रंगमंचाजवळचं दार फक्त बँडसाठी आहे असं म्हणत बाउन्सरनं त्यांना तिथून जाऊ दिलं नाही. पहारेकरी होता आणि तो चुकीच्या दारावर आपलं काम चोख करत होता.

स्टेशनच्या आगीनंतर अग्निसुरक्षेच्या संहितेत नवी तरतूद आली: दर २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक. त्याचं काम माणसं अडवण्याचं नाही, बाहेर काढण्याचं. आपल्याकडे २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीच्या मंगल कार्यालयात शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कापडी मंडप पेटला आणि ४४२ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर इराकमधल्या हमदानिया इथं लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी नाचत असताना सोडलेल्या ठिणग्यांच्या कारंज्यांनी छत पेटलं, शंभराहून अधिक मेले. तसलीच ठिणग्यांची कारंजी उडवणारी यंत्रं आता न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रत्येक डीजेच्या दरपत्रकात असतात, 'थंड ठिणग्या' अशा लाडक्या नावानं. घरचे रक्षकांवर तीन रात्री वाद घालतात आणि या यंत्रावर तीन सेकंदांत हो म्हणतात. हे मला कळत नाही. रक्षक ठेवणार असाल तर त्याला पहिलं काम हे द्यावं की बाहेर पडायचं प्रत्येक दार उघडतंय का ते पाहायचं, आणि त्यासमोर केटररच्या ट्रॉल्या, फुलांचे खोके, ढोल-ताशाचे ढोल ठेवू द्यायचे नाहीत.

आता बंदुकीविषयी, कारण मुलीच्या मनात तीच असते. अमेरिकेत लग्नात गोळीबार झाला आहे. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या पेल्हम इथं एका चर्चमध्ये विधी चालू असताना एकानं गोळ्या झाडल्या. विवाह लावणारे बिशप आणि नवरी जखमी झाले, पाहुण्यांनीच हल्लेखोराला खाली पाडून धरलं. तो परका नव्हता. त्याच्या सावत्र वडिलांचा, त्याच चर्चमधल्या धर्मोपदेशकाचा, काही दिवसांपूर्वी खून झाला होता आणि त्या खुनाचा आरोप नवरदेवाच्या मुलावर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच राज्यात, नॅशुआच्या एका कंट्री क्लबात, लग्नाचा समारंभ चालू असताना गोळीबार होऊन एक माणूस गेला. संशयित क्लबचा माजी कर्मचारी निघाला. दोन्ही ठिकाणी माणूस कुणाच्या तरी ओळखीतला होता.

परक्याचा द्वेष नसतो असं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्यानं कुंकवावरून भारतीयांना धमकावलं, मारहाणी झाल्या आणि एकाचा जीवही गेला. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वर्चस्ववाद्यानं सहा जणांना ठार केलं. २०१५ पासून एफबीआय हिंदूविरोधी गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवते. २०२४ आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इंडियाना इथल्या स्वामीनारायण मंदिरांच्या भिंतींवर घाणेरडा मजकूर रंगवला गेला. म्हणून लग्न मंदिरात असेल तर आधी मंदिराच्या कार्यालयातच विचारावं. धर्मस्थळांच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारचं अनुदान मिळतं. कॅमेरे, कुंपण, कधी रक्षकही त्यातून आलेले असतात आणि दुहेरी खर्च वाचतो.

तरीही सशस्त्र रक्षक मागवण्याआधी मी थांबेन. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक सज्ञान माणसांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येतं. हॉलला ते नको असेल तर कायद्यानं ठरवलेल्या मजकुराची पाटी दारात लावावी लागते. पाटी आहे का, एवढं विचारणं हे दुसरी बंदूक आणण्याहून सोपं आणि स्वस्त आहे. आणि दुसरी एक गोष्ट आपल्या घरांनी विसरू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन इथं, नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले एक आजोबा मुलाच्या घरासमोरच्या पदपथावर फिरत होते. कुणीतरी संशयित इसम म्हणून फोन केला, पोलिसाचं इंग्रजी त्यांना कळलं नाही, पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांचं अंग अंशतः लुळं पडलं. दोन खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. आपल्या लग्नाला साताऱ्याहून, नाशिकहून असे पाचपंचवीस आजोबा-आजी आलेले असतात. चहा झाल्यावर आबा एकटेच पार्किंगमध्ये चक्कर मारायला निघतात. हातात कापडी पिशवी, पायात चपला, खिशात ओळखपत्र नाही. रक्षकाला सुरुवातीलाच घरच्या माणसानं सांगायला हवं की हे फिरतील, यांना इंग्रजी येत नाही, काही वाटलं तर आधी मला हाक मार. त्या घरच्या माणसाचं नाव आणि फोन रक्षकाच्या खिशात हवा.

ज्या एका परिस्थितीत मी दुसरा विचार करणार नाही, ती म्हणजे कुणीतरी ठरावीक माणूस येऊन धिंगाणा घालेल अशी खरी भीती असणं. मुलीचा पूर्वीचा मित्र पिच्छा पुरवतो आहे, कुणाचा घटस्फोट कडवट झाला आहे, किंवा आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नाला एका बाजूच्या काकांनी जाहीर धमकी दिली आहे. मराठी घरात हे सांगायला संकोच होतो. मुलगी लग्नाच्या नियोजकाला सांगते, आईला सांगत नाही. इथं रक्षक हवाच, आणि त्याच्याकडे त्या माणसाचा फोटो, गाडीचं वर्णन आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल तर त्याची प्रत हवी. पाठलागाला वेगळा गुन्हा मानणारा देशातला पहिला कायदा कॅलिफोर्नियानं १९९० मध्ये केला. आता असा कायदा सगळ्या राज्यांत आहे. साध्या रक्षकाला बहुतेक राज्यांत सामान्य नागरिकाहून जास्त अधिकार नसतात. ड्युटीबाहेरच्या पोलिसाचे अधिकार वर्दीबरोबर चालत येतात. अशा प्रसंगी म्हणूनच पोलीस घ्यावा.

(ज्यांना वाटतं की पुरेसा बंदोबस्त केला की लग्न हवं तसंच लागतं, त्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरची गोष्ट आठवावी. रुक्मीनं बहिणीचं, रुक्मिणीचं, लग्न शिशुपालाशी ठरवलं, वरपक्षाकडून जरासंधासकट राजे फौजा घेऊन आले, नवरी देवीच्या दर्शनाला गेली तीही शस्त्रधारी शिपायांच्या कड्यात. पण कृष्णाला बोलावणं तिनंच धाडलं होतं. नवरीच्या यादीत कोण आहे, हे बंदोबस्त करणाऱ्यांनी विचारलं नव्हतं.)

प्रत्यक्ष नेमणूक फार अवघड नसते. रक्षकांचे परवाने राज्यं देतात. न्यू जर्सीत २००४ च्या कायद्यानं २४ तासांचं प्रशिक्षण आणि राज्य पोलिसांकडे नोंदणी लागते, कॅलिफोर्नियात ४० तास, न्यूयॉर्कात आधी ८ आणि कामावर असताना १६. परवाना क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो तपासावा, कारण डीजेच्या ओळखीतला दांडगा पोरगा म्हणजे रक्षक नव्हे. कंपनी तासाला साधारण तीस ते पन्नास डॉलर घेते, पोलीस त्याहून बराच महाग. त्यातले रक्षकाच्या हातात किती पडतात ते मात्र विचारून पाहा. देशभरातली रक्षकांची मधली मजुरी तासाला अठरा डॉलरच्या आसपास आहे. तो बहुधा दुसरी किंवा तिसरी नोकरी करत असतो, बऱ्याचदा स्वतःच स्थलांतरित असतो, आणि तासन्‌तास उभा असतो. त्याचं जेवण केटररच्या यादीत धरायला विसरतात. मग रात्री आजी कुणाला तरी बजावतात की त्या दारातल्या मुलाला पोळी-भाजी आणि दोन जिलब्या बांधून दे, आणि ती बांधली जाते.

सगळ्यांत जास्त गल्लत होते ती वेळेत. चार तासांचा किमान करार म्हणून लोक रक्षकाला सहा वाजता बोलावतात, पाहुणे येताना रुबाब दिसावा म्हणून, आणि दहाला तो निघून जातो. दहाला बार अजून चालू असतो. पेटीतली पाकिटं मोजून पिशवीत भरायची असतात, नवरीचे दागिने अंगावरून उतरवून हॉटेलच्या खोलीत न्यायचे असतात, आणि झिंगलेली माणसं साडेअकराला पार्किंगमध्ये किल्ल्या शोधत असतात. सकाळच्या मुहूर्ताला कुणीच लागत नाही, आगीवरचा तो एक सोडून. रक्षक आठपासून बारापर्यंत असावा. पोलीस घ्यायचा असेल तर मेन्यू ठरवायच्या आधी फोन करावा. मे ते ऑक्टोबरच्या हंगामात शनिवार रात्रीचे पोलीस केटररच्याही आधी संपलेले असतात.